दहावीनंतरच्या सुट्टीत रास्पबेरी पाय ४००: घ्यावा का?

दहावीचे पेपर मार्चमध्ये आटोपतात. मग लातूर, परभणी, नांदेडकडची बरीच मुलं सुट्टीत डीटीपीच्या दुकानात किंवा सेवा केंद्रावर बसतात. त्या कामाच्या सरावासाठी रास्पबेरी पाय ४०० हा कीबोर्डातच बसवलेला छोटा संगणक घेऊ नका. लग्नसराईत दुकानदाराला कोरलड्रॉ (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर) येणारा मुलगा हवा असतो आणि ही दोन्ही यावर चालत नाहीत. अंगठा घेणाऱ्या यंत्रांचे ड्रायव्हरही सहसा विंडोजचेच. त्यासाठी जुना विंडोज संगणक बरा.

संगणक आतून शिकायचा असेल, तर मात्र हा संगणक मनापासून आवडावा असा आहे. ४ जीबी रॅम, १.८ गिगाहर्ट्‌झचा चार कोअरचा प्रोसेसर. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, लिब्रेऑफिस हे ऑफिसचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर नीट चालतात. एकदम वीस टॅब उघडले की अडखळतो. मराठी इनस्क्रिप्ट या कळांच्या मांडणीने टाइप होतं, पण कळांवर देवनागरी छापलेली नाही.

आपल्याकडे खरा त्रास विजेचा. याची सगळी माहिती छोट्या एसडी कार्डावर असते. त्यावर लिहिणं चालू असताना लाइट गेली, तर ती बिघडू शकते आणि मग संगणक सुरूच होत नाही. म्हणून तो इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा, एफएन आणि एफ१० दाबून रीतसर बंद करा आणि एसडी कार्ड कॉपिअर हे सॉफ्टवेअर वापरून दुसऱ्या कार्डावर नक्कल ठेवा. चार्जर ५ व्होल्ट, ३ अँपिअरचाच हवा. मोबाइलचा साधा चार्जर लावला, तर पडद्यावर विजेची खूण येते आणि वेग उतरतो. आत पंखा नाही, धातूची मोठी पट्टी आहे. तरी मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी जड काम देऊ नका. मॉनिटरसाठी मायक्रो एचडीएमआय केबल लागते. हेडफोनची पिन नाही.

सेन्सर, दिवे वगैरे जोडायच्या मागच्या ४० पिना हे याचं खरं वैभव. टाकीत पाणी किती, हे सांगणारं यंत्र मराठवाड्यात कुणालाही हवंच असतं. ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर त्यासाठी स्वस्त पडतो, पण त्याची इको (प्रतिध्वनीची) पिन ५ व्होल्ट सोडते आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्याच. थेट जोडलं तर पायची पिन जळू शकते. इको पिन आणि पायची पिन यांच्या मध्ये १ किलोओहम आणि पायची पिन ते ग्राउंड २ किलोओहम असे रेझिस्टर घाला. बंद टाकीत वाफेने हा सेन्सर खराब होतो, तिथे जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक लावा. मात्र तो साधारण २५ सेंटिमीटरच्या आतलं अंतर मोजत नाही, तेव्हा भरलेल्या पाण्यापासून तेवढा वर बसवा. उन्हाचाही फरक पडतो: ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५. म्हणजे दीड मीटर अंतर मोजताना पाच सेंटिमीटरची चूक. पिना चालवणाऱ्या जीपीआयओ झिरो या पायथन लायब्ररीत हा वेग बदलता येतो, तो बदलाच.

सुट्टीत गल्लीतल्या टाक्यांना अशी यंत्रं बसवून देऊन चार पैसे मिळू शकतात. पण टाकीवर पाय ४०० ठेवायचा नसतो. तिथे पिको डब्ल्यू हा छोटा बोर्ड लावा, त्याचा प्रोग्रॅम याच कीबोर्डावर थॉनी या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा. टाकीपर्यंत वाय-फाय पोचतं का, ते मोबाइल हातात घेऊन टाकीवर चढून आधी बघा आणि मगच घरमालकाला होकार द्या.