एकच कादंबरी वाचायची तर: विज्ञान की फँटसी?

आतेभावाचा मुलगा साताऱ्यात बीएस्सी करतो. परीक्षा आटोपल्यावर दोन दिवस भिलारला जाऊन वाचत बसायचा त्याचा बेत आहे. पाचगणीजवळचं हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालंय. तिथं लोकांच्या घरांत कपाटं भरून पुस्तकं आहेत, हवं ते काढायचं आणि बसायचं. त्याचा प्रश्न असा: “काका, विज्ञान कादंबरी धरू की फँटसी?”

दोन दिवसच असतील तर विज्ञान कादंबरी. मराठीत ती बहुधा आटोपशीर असते. सहाशे पानांची फँटसी दोन दिवसांत रेटली तर निम्मी नावंसुद्धा लक्षात राहणार नाहीत.

पण खरा फरक पानांचा नाही. विज्ञान कादंबरीत लेखक एक गोष्ट बदलतो आणि आपण ती निमूट मान्य करतो. त्यानंतरचा हिशेब मात्र त्यानं चोख द्यायचा. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ (१९८६) घ्या. हुशार यंत्रमानव बनला हे एकदा मान्य केलं, की त्याला स्वतःसारखी आणखी यंत्रं बनवू द्यायची का, हा प्रश्न आपोआप पुढ्यात येतो. नाव पुराणातलं, पेच मात्र आजचा. दोष सांगायचा तर या प्रकारात एखादे प्राध्यापक चहाचा कप खाली ठेवून तीन पानं समजावत बसतात. माणसं पुसट होतात. मला वाटतं, याचं मूळ आपल्याकडे हा प्रकार कथेच्या अंगानं वाढला यात आहे. खुद्द नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. कथेत कल्पना एकटी तग धरते. कादंबरीत तिला माणसांचा आधार लागतो. बीएस्सीच्या पोराला ती तीन पानं कदाचित आवडतीलही म्हणा.

फँटसीला विज्ञानाचा हिशेब मागू नये, पण हिशेब मागावाच. तो कसा, हे आपल्याला महाभारतानं आणि पुराणांनी लहानपणीच शिकवलंय. कर्णाला ब्रह्मास्त्र मिळतं, पण ऐन वेळी ते आठवणार नाही हा शापही गळ्यात पडतो. हिरण्यकशिपूच्या वराला उंबरठ्याएवढी फट राहते. शक्तीची किंमत आणि तिची मर्यादा लेखकानं आधी सांगितली पाहिजे. नायक अडकला की दर वेळी त्याला नवाच मंत्र सापडत असेल, तर पुस्तक खुशाल मिटावं. पुढच्या चारशे पानांत वेगळं काही घडत नाही, हे मी पदरमोड करून शिकलोय.

मराठीत अद्भुतरम्य कादंबरी जुनीच आहे. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ सालची. तिची भाषा संथ आहे. आजच्या मुलाला पहिली वीस पानं नेट लावावा लागेल. बाकी हल्ली हातात येते ती बहुतेक अनुवादित फँटसी. ती पारखायला एक पान मोठ्यानं वाचावं. पात्रं डब केलेल्या सिनेमासारखी बोलत असतील आणि इंग्रजी झेपत असेल, तर मूळच वाचावं. अनुवादित विज्ञान कादंबरीत कल्पना तरी शाबूत राहते. फँटसीचा निम्मा जीव नावांत आणि बोलण्याच्या ढंगात असतो, तो गेला की उरतात फक्त तलवारी.

म्हणून भिलारला विज्ञान कादंबरी, आणि साताऱ्यात पावसाची झड लागून घराबाहेर पडवत नाही तेव्हा फँटसी, असं मी त्याला सांगितलं. फक्त मालिकेचा पहिला भाग उचलण्याआधी दुसरा कपाटात आहे ना, ते बघ म्हटलं. एका वाचनालयातून मी असाच पहिला भाग आणला होता. दुसरा कुणी तरी नेलेला, तो आठ महिने परत आला नाही. तोवर राजपुत्र किल्ल्याच्या भुयारात आणि मी रोज काउंटरवर.