विंडोज ११ टाकून देतो म्हणणाऱ्याकडे लॅपटॉप देण्याआधी हे वाचा

आमच्या बाबांचा लॅपटॉप २०१७ चा, इंटेलचा आय फाइव्ह प्रोसेसर, सातवी जनरेशन. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून ते काळजीत होते, मी ऑफिसच्या गडबडीत, तर ते एकटेच बस पकडून टिळक रोडला एका दुकानात गेले. तिथला माणूस म्हणाला, काका, यात टीपीएम चिप (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाहीये, ती बसवावी लागेल, मग अकरा पडेल. चिपचे १८०० आणि विंडोजचे १५०० घेतले, बिलावर फक्त सर्व्हिस चार्ज.

घरी आल्यावर मी विंडोजचं बटण आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाकलं. व्हर्जन २.०, आणि मॅन्युफॅक्चरर आयएनटीसी, म्हणजे इंटेल. हे टीपीएम इंटेलच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे मशीनमध्ये आधीपासून असलेल्या सॉफ्टवेअरमध्येच असतं, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद असेल तर नुसतं चालू करायचं. चिप बिप काही बसवलीच नव्हती! दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं चिप दाखवा, तर म्हणतो बोर्डच्या खाली आहे, उघडलं तर वॉरंटी जाईल. आठ वर्षं जुन्या लॅपटॉपची कसली वॉरंटी?

खरी अडचण प्रोसेसरची होती. इंटेलचा आठव्या जनरेशनच्या आधीचा जवळपास कुठलाच प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. त्याने चेकिंगला बगल देऊन इन्स्टॉल केलं, आणि अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, हे बाबांना सांगितलंच नाही. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे ॲप फुकट आहे, ते चालवलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. आणि विंडोज १० वरच राहून सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येत होते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग सिंक केल्या की त्याला पैसेही लागत नाहीत.

पैशाचं एक वेळ सोडा. डी ड्राइव्हला हात लावला नाही म्हणाला, ते खरंय, पण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सी मध्ये असतात आणि सी त्याने न विचारता फॉरमॅट मारला. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, अकरा वर्षांची मीटिंगची इतिवृत्तं डेस्कटॉपवर होती, आणि आईचे शेवटच्या दिवाळीचे फोटो. तुमच्या घरी असं काम निघालं तर आधी डेस्कटॉपसकट सगळं पेन ड्राइव्हवर घ्या, प्लीज, मग दुकानात जा. इतिवृत्तांच्या प्रिंट फाइलला लावलेल्या आहेत, त्या बाबा आता एकेक करून परत टाइप करतायत. फोटोंची प्रिंट काढलेली नव्हती.