परभणीच्या गच्चीवर जपानी मॅपल : १४ महिन्यांनंतर

गेल्या वर्षी जुलैत हिमाचलातल्या एका नर्सरीतून जपानी मॅपलचं रोप मागवलं, कुरिअरसकट ८५० रुपये. जाहिरातीत मनगटाएवढ्या खोडाचा लालभडक बोन्साय. खोक्यातून निघालं ते वीतभर, पेन्सिलीहून बारीक आणि हिरवंगार. फसवलं म्हणता येणार नाही, खाली बारीक अक्षरात 'रोप' लिहिलेलं होतं. आईने पान बोटांत धरून बघितलं आणि म्हणाली, "ही तर अंबाडीच की रे!" शेजारच्या काकांना पानावरून गांजाची शंका आली, ते वेगळंच.

झाड अजून जिवंत आहे. आमच्याकडे एवढंही कमी नाही.

पहिली चूक पाण्याची. महिनाभरात पानांच्या कडा करपायला लागल्या. मी समजलो, पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. घालत काय होतो, तर आरओ मशीनच्या नळीतून वाया जाणारं पाणी! मशीन गाळून काढते ते सगळे क्षार त्याच पाण्यात उतरतात, म्हणजे ते बोअरच्या पाण्याहूनही जड. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवलं, ते संपल्यावर समोरच्या दुकानाच्या एसीच्या नळीखाली बादली लावली. पुढची पानं स्वच्छ आली.

माती काळी अजिबात नको. भिजली की चिखल, वाळली की भेगा, मुळं गुदमरतात. जानेवारीअखेर, कळ्या फुटायच्या आत, कुंडी बदलली. पक्क्या भाजलेल्या विटांचा चुरा, थोडा मुरूम, थोडं कोकोपीट. चुरा आणि मुरूम चाळून पीठ फेकून दिलं. मुरूम घेताना त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा. फेस आला तर त्यात चुनखडी आहे. मॅपलला किंचित आंबट माती लागते, म्हणून तो घेऊ नका.

हिवाळ्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती नर्सरीवाल्याशी नाही. पानगळीच्या झाडाला कित्येक आठवडे सलग थंडीची झोप लागते. परभणीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो खरा, पण दुपारी ऊन चटकतं. पानं लाल झालीच नाहीत. तपकिरी झाली आणि डिसेंबरअखेर गळली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाड जागंही झालं. अशी अर्धवट झोप किती वर्षं मानवेल, याची धास्ती आहे.

मे महिन्यात गच्चीवर ठेवायची सोयच नाही. स्लॅब रात्रीसुद्धा तापलेला असतो, हिरवी जाळी दुहेरी केली तरी झळ लागतेच. शेवटी कुंडी खाली आणून उत्तरेच्या भिंतीशी, रांजणाजवळच्या ओल्या वाळूत बसवली. तरी निम्मी पानं वाळली, पण मृगानंतर नवी फुटली.

वळण द्यायला मार्चमध्ये अॅल्युमिनियमची तार गुंडाळली आणि लग्नसराईत विसरलो. दोन महिन्यांनी बघतो तर तार सालीत रुतलेली. उलगडत बसलो नाही, तुकडे करून काढली. तो पिळाचा व्रण अजून दिसतो. वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला नजर टाकायला हवी होती.

खोड अजून करंगळीएवढंही नाही. ते जाड व्हायचं तर झाड मोठ्या कुंडीत मोकळं वाढू द्यावं लागतं, आणि खालची एखादी फांदी वर्ष-दोन वर्षं न छाटता सोडावी लागते. उथळ ट्रेची घाई केली की वाढ तिथेच थांबते. माझा ३०० रुपयांचा ट्रे माळ्यावर पडून आहे.

या रोपाला माझे गुण पाचपैकी तीन. पहिलाच बोन्साय करायचा असेल तर भिंतीच्या फटीतला पिंपळ किंवा उंबर काढून आणा. फुकटात मिळतो, ऊन सोसतो, चुकांना माफी देतो. मी मॅपल ठेवणार आहे, पण दुसरा मागवणार नाही.

आईने जूनमध्ये त्याच्या शेजारच्या डब्यात अंबाडी पेरली. ती कमरेला लागलीय, आणि भाजी दोनदा झाली.