दूरच्या सहकाऱ्यासोबत गूगल डॉक्स : एका अनुवादकाचे परीक्षण

दोन अनोळखी माणसांना दूरदूर बसून एकाच मजकुरावर दीर्घकाळ काम करायचे असेल, तर गूगल डॉक्सइतके भरवशाचे साधन मला आजवर सापडलेले नाही. मी अनुवाद करतो. माझ्या संपादिकाबाईंची ओळख मला याच साधनावर, एका लांबलचक हस्तलिखिताच्या निमित्ताने झाली. पुढे त्या ओळखीची घट्ट मैत्री झाली, याचे मोठे श्रेय त्यांच्या स्वभावाला आहे. तरी थोडे श्रेय या साधनाच्या रचनेलाही द्यायला हवे.

गूगलने २००६ मध्ये ‘राइटली’ हे लेखनसाधन विकत घेतले आणि त्यातून डॉक्स उभे राहिले. माझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत मोलाची भर मात्र २०१४ मधली, ‘सजेस्टिंग’ची. या सोयीत संपादकाने बदललेला शब्द नाहीसा होत नाही. तो खोडलेल्या रूपात जागीच राहतो, शेजारी नवा शब्द रंगीत अक्षरांत उमटतो आणि तो स्वीकारायचा की नाकारायचा, हे ठरवण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. ज्याचा चेहराही आपण पाहिलेला नाही, अशा माणसाने आपल्या वाक्याला हात लावताना एवढा मान राखला, तर विश्वास लवकर बसतो.

समासातील टिप्पण्यांचेही तसेच आहे. टिप्पणी एका विशिष्ट वाक्याला जोडलेली असल्यामुळे मतभेद त्या वाक्यापुरताच राहतो. ईमेलमध्ये तोच मतभेद पाहता पाहता माणसावर घसरतो. ‘येथे मला दोनदा थांबावे लागले, तुम्हाला नेमके काय म्हणायचे आहे?’ असे बाईंनी एका उताऱ्यापाशी विचारले होते. त्या प्रश्नावर आमची इतकी चर्चा झाली की अखेर तो उतारा मी नव्याने लिहिला, आणि त्याच धाग्याच्या शेवटी त्यांनी माझ्या आईच्या प्रकृतीची चौकशी केली. निकाली काढलेल्या टिप्पण्या समासातून दिसेनाशा झाल्या, तरी टिप्पण्यांच्या यादीत त्या पुन्हा वाचता येतात. मी त्या अजूनही अधूनमधून वाचतो.

मर्यादाही सांगायला हव्यात. एका दस्तऐवजात १०.२ लाख अक्षरे मावतात, तरीही मोठ्या ग्रंथासाठी प्रकरणवार फाइली करणेच सोयीचे. शिवाय लिखित टिप्पणीतून आवाजातला जिव्हाळा पोहोचत नाही. एखादा आक्षेप तीन-चार उत्तरांनंतरही सुटत नसेल, तर तेथे आणखी लिहीत न बसता सरळ फोन करावा. आम्ही तो नेम कसोशीने पाळला आणि हस्तलिखित छापून झाल्यावरही आमचे फोन चालूच राहिले.

नव्या सहकाऱ्याबरोबर काम सुरू करणाऱ्यांना मी हे साधन निःसंकोचपणे सुचवीन. थेट बदल करण्याची परवानगी मिळालेली असली, तरी सुरुवातीचे काही महिने ‘सजेस्टिंग’मध्येच काम करावे.