खरेदीचं इंग्रजी: सुटे शब्द की तयार वाक्यं?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची-लिंबू घ्यायला इंग्रजी लागत नाही. कळंगुटच्या दुकानात परदेशी गिऱ्हाईक समोर आलं की लागतं. मग शब्दांची यादी पाठ करावी, की अख्खी वाक्यं?

वेळेत यादी जिंकते. दिवसाला दहा शब्द सहज होतात, वाक्यं जेमतेम तीन. पण सुटे शब्द फसवतात. ‘चेंज’ म्हणजे सुटे पैसेही आणि बदलही. वस्तू बदलून हवी तर ‘एक्स्चेंज’, पैसे परत हवेत तर ‘रिफंड’. ‘रिसीट’मधला ‘पी’ लिहायचा, उच्चारायचा नाही. यादी हे सांगत नाही.

वाक्यात व्याकरण आपसूक येतं. एका टोपीला ‘हाऊ मच इज धिस?’, चपलांना ‘हाऊ मच आर दीज?’. कपडा घालून बघायचा तर ‘कॅन आय ट्राय धिस ऑन?’, तो शेवटचा ‘ऑन’ हमखास गळतो. तोटा एवढाच, की समोरचा भलतंच काही बोलला की पाठांतर अडतं.

खर्च? दोन्हीला एक वही.

काउंटरवर उभं राहणाऱ्याने वीस वाक्यांपासून सुरुवात करावी, तीही मोठ्याने म्हणत. नुसत्या पाट्या, लेबलं वाचायची असतील तर यादी पुरे.