लाल शाईची वही आणि १४,००० रुपये

इंदूरमधल्या ज्या मराठी घरांत यंदा बारावीचं मूल आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सीयूईटीच्या, म्हणजे बारावीनंतर विद्यापीठांत प्रवेशासाठी होणाऱ्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या, इंग्रजीची 'गॅरंटीड' तयारी करून देतो म्हणणाऱ्या एका क्लासने आमच्याकडून १४,००० रुपये घेतले. नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पद्धत मात्र नीट सांगते.

राजेंद्र नगरात गणपतीच्या मंडपाबाहेर पत्रकं वाटली गेली, तीही चक्क मराठीत. इंदुरात कोचिंगचं मराठी पत्रक म्हणजे अप्रूपच. भंवरकुआच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली, आणि सर स्वतः मराठी. "काकू, आपल्या मुलांचं इंग्रजी कच्चं राहतं हो. माझ्याकडे पाठवा, घरचाच माणूस समजा." भिंतीवर निवड झालेल्या मुलांचे फोटो. त्यातला एकही मुलगा कुठल्या गावचा, कुठल्या कॉलेजात गेला, याचा पत्ता पुढे कधीच लागला नाही. देवी अहिल्या विद्यापीठातल्या बऱ्याच अभ्यासक्रमांना सीयूईटीतूनच प्रवेश मिळतो, त्यामुळे या परीक्षेची धास्ती घरोघरी आहे. ही मंडळी जगतात त्या धास्तीवरच.

मुलीला स्पायरलची एक जाडजूड प्रत मिळाली. ३,००० वाक्यं, सगळी 'वाक्य बदलून लिहा' छापाची: अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह, डायरेक्टचं इनडायरेक्ट, 'टू' काढून 'सो दॅट', 'इफ'च्या जागी 'अनलेस'. यातलीच वाक्यं पेपरात जशीच्या तशी येणार, असं छातीठोक सांगितलं. रोज वहीत वाक्यं लिहायची, वही जमा करायची, 'रिटायर्ड प्रोफेसर' ती तपासून देणार. दुसऱ्या दिवशी वही लालेलाल होऊन परत. वही अशी रंगलेली दिसली की आईबापांना फी वसूल झाल्यासारखी वाटते, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या. त्यांनी सहज वही चाळली आणि चष्मा काढून पुन्हा लावला. मुलीने लिहिलं होतं, 'अनलेस यू वर्क हार्ड, यू विल फेल.' ते खोडून वर लाल शाईत 'अनलेस यू डोन्ट वर्क हार्ड'. अहो, 'अनलेस'मध्ये नकार आधीच आहे, वर 'डोन्ट' घातलं की अर्थच उलटा होतो! त्याच पानावर 'नो सूनर'च्या वाक्यातलं बरोबर 'दॅन' खोडून 'व्हेन' केलेलं. 'व्हेन' लागतं ते 'हार्डली'ला. 'ही इज टू वीक टू वॉक' याचं तिने 'सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' केलं होतं. तिथे दुरुस्ती होती 'सो वीक टू वॉक'. प्रोफेसर कसले नि काय! पुढे कळलं की वह्या कॉलेजची दोन पोरं तपासायची, समोर छापील उत्तरं ठेवून, आणि ती उत्तरंच चुकीची.

पैसे गेले ते गेलेच, पण पोरीला पूर्वी बिनदिक्कत येणारी वाक्यंही आता अडखळत येऊ लागली होती. 'दॅन' लिहायचं नि खोडायचं. बाईंनी रोज संध्याकाळी तिला समोर बसवून ते सगळं पुसून काढलं, फुकट. आम्ही नेलेले लाडू तेवढे ठेवून घेतले.

आता मुळातली गंमत. सीयूईटी संगणकावर होते आणि तिथे पूर्ण वाक्य लिहायचंच नसतं. चार पर्यायांतून एक निवडायचा. २०२५पासून इंग्रजीत ५० प्रश्न, सगळे अनिवार्य, वेळ ६० मिनिटं; बरोबरला ५ गुण, चुकीला १ वजा. उतारे, विस्कटलेल्या वाक्यांचा क्रम, समानार्थी-विरुद्धार्थी, योग्य शब्द निवडणं, भर यावर. हे परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतं. वाक्यरचनेचा सराव वाया जातो असं माझं म्हणणं नाही, उलट त्याने कान तयार होतो. पण तीन हजार वाक्यं हाताने उतरवून घेणं ही परीक्षेची तयारी नव्हे, पोरांना गुंतवून ठेवायची युक्ती आहे.

एप्रिलमध्ये दुसरा फासा पडला. "काकू, गेस पेपर आलाय, टेलिग्रामवर देतो, फक्त आठ हजार." मी साफ नाही म्हटलं. शेजारच्या एका मुलाने परस्पर पैसे पाठवले आणि त्याला लगेच ब्लॉक केलं गेलं. त्याच्या वडिलांनी तासाभराच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला म्हणून समोरच्या खात्यातली थोडी रक्कम तरी गोठवता आली. उशीर केला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. आणि पेपर फोडणं-विकणं हा २०२४च्या सार्वजनिक परीक्षा कायद्याखाली गुन्हा आहे, तीन ते पाच वर्षांची कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. खरा पेपर असा आठ हजारांत टेलिग्रामवर एखाद्या काकूंना कोण विकेल?

फी परत मागायला गेले तेव्हा सरांनी पावतीवरचा शिक्का दाखवला: 'फीस वापस नहीं होगी।' केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४च्या कोचिंगविषयक मार्गदर्शक सूचना म्हणतात की पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी. मी ते छापून नेलं, ते हसले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तिकडूनही उत्तर नाही. मग जिल्हा आयोगात अर्ज टाकला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. त्यामुळे पावती, पत्रक, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि तपासलेली वही, काहीच फेकू नका. वही तर मुळीच नाही, आमचा मुख्य पुरावा तीच आहे.

कुठल्याही क्लासात पैसे भरण्याआधी त्यांच्या पुस्तकातलं कुठलंही एक पान उत्तरांसकट मागून घ्या आणि इंग्रजी येणाऱ्या माणसाला दाखवा. देत नसतील तर जिना उतरा. फी क्लासच्या खात्यावर मागतात की एखाद्याच्या खाजगी नंबरवर, तेही बघा. आमची 'सरांच्या मिसेस'च्या नंबरवर गेली होती.

भंवरकुआची ती खोली आता रिकामी आहे. गेल्या आठवड्यात अन्नपूर्णा रोडला नवा फ्लेक्स दिसला, नाव वेगळं, फोटो तेच, खाली मोबाइल नंबरही तोच. त्याचा फोटो काढून आमच्या अर्जाला जोडलाय.