सामन्याचा अंदाज: एलो, लॉजिस्टिक की रँडम फॉरेस्ट?

भाच्याला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी क्रिकेटच्या निकालाचं मॉडेल करायचंय. इंदूरात असल्या चर्चा पोहे-जिलेबीवरच होतात. राजवाड्याजवळ उभ्या-उभ्या त्यानं तीन नावं पुढे केली आणि विचारलं, "मामा, यातलं कुठलं घेऊ?"

एलो ही संघांना गुण देण्याची पद्धत, मूळची बुद्धिबळातली. प्रत्येक संघाला एक आकडा. जिंकला की चढतो, हरला की उतरतो, आणि तगड्याला हरवलं की जास्त चढतो. १०० गुणांचा फरक असला की वरचढ संघाची शक्यता साधारण ६४ टक्के, २०० असला की ७६. एक्सेलमध्ये एका दुपारचं काम. पण खेळपट्टी कशी, कोण जायबंदी, याचा त्याला पत्ता नसतो.

लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणजे वेगवेगळ्या गोष्टींना वजनं देऊन जिंकण्याची शक्यता काढणारं सूत्र. त्याला हे सगळं सांगता येतं: नाणेफेक, घरचं मैदान, आणि एलोतला फरकसुद्धा. कशाचं वजन किती पडलं ते उघड दिसतं, त्यामुळे व्हायवात तोंड लपवावं लागत नाही. मैदान घालताना मात्र जपून. आपल्या होळकर स्टेडियमवर भारतानं २०१६ मध्ये न्यूझीलंडला ३२१ धावांनी हरवलं, २०१९ मध्ये बांगलादेशला डाव आणि १३० धावांनी. दोन कसोट्या, दोन्ही जिंकलेल्या. मग मार्च २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियानं पहिल्याच दिवशी आपल्याला १०९ मध्ये गुंडाळलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ गडी राखून सामना खिशात घातला. दोनच सामन्यांवरून 'इथे भारत हरत नाही' हे शिकलेलं मॉडेल तिथंच तोंडघशी पडलं असतं.

रँडम फॉरेस्टवर, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या शेकडो झाडांचा कौल घेणाऱ्या मॉडेलवर, भाच्याचा जीव, कारण त्यात त्याला ९२ टक्के अचूकता मिळाली होती. फाइल उघडली तर एका रकान्यात सामनावीराचं नाव! तो बहुतेक वेळा जिंकणाऱ्या संघातलाच असतो. म्हणजे उत्तरपत्रिका समोर ठेवून परीक्षा. रकाना काढला आणि अचूकता नाणं उडवण्याच्या जरा वर येऊन बसली. बिचारा गप्पच झाला. दुसरी चूक तशीच: शिकवायचे आणि तपासायचे सामने पत्त्यांसारखे पिसून वाटले होते, म्हणजे २०२१ वर शिकून २०१९ सांगायचं. जुन्यावर शिकवा, नव्यावर तपासा.

सामना चालू असताना अंदाज हवा असेल तर खेळ वेगळा. उरलेली षटकं आणि हातातले गडी धरून दर चेंडूला शक्यता काढायची. न्यूझीलंडच्या टीव्हीवर २०१२ पासून दिसलेलं 'वास्प' याच जातीचं. पहिल्या प्रोजेक्टला नको.

मी म्हणेन, लॉजिस्टिकच घ्या, आत एलोचा फरक घालून. तपासणी ब्रायर स्कोअरनं करा, म्हणजे सांगितलेली शक्यता आणि निकाल (जिंकला तर १, हरला तर ०) यांतल्या फरकाचा वर्ग: ७० टक्के म्हणालात आणि संघ जिंकला तर ०.०९, हरला तर ०.४९, सगळ्या सामन्यांची सरासरी जितकी कमी तितकं बरं. डोळे मिटून प्रत्येक वेळी ५० म्हटलं तरी ०.२५ येतोच. फॉरेस्ट नंतर लावून बघा, आणि त्याच नव्या सामन्यांवर स्कोअर खाली आला तरच ठेवा.